बिनवापराची ओळ

गोरक्षने सार्थकचं डोकं टेबलावर आपटलं, तशी कीबोर्डची दोन-चार बटणं उडाली आणि त्यांच्यावर रक्त ठिबकलं.

“प्रोग्रॅममधली ती ओळ कोणी काढली?”

“मला खरंच माहीत नाही,” सार्थक नाक धरून म्हणाला.

अंबडच्या त्या कारखान्यात सकाळी खंडेनवमीची पूजा होती. बंद यंत्राला कसलं पुजायचं, हा मॅनेजर वाल्मीकचा जुना हट्ट. दरवर्षीसारखी प्रेस चालू ठेवूनच त्याने साच्याला कुंकू लावायला हात आत घातला. हात दिसला की प्रेस थांबायची. आज ती खाली आली. मनगटाच्या पुढे काही ओळखू येण्यासारखं उरलं नाही.

गोरक्ष त्याचा धाकटा भाऊ. त्याने जड पाना उचलला. “ठेव हात टेबलावर. तुझा बी तसाच करतो.”

सार्थकने हात पोटाशी घेतला. गोरक्षने तो ओढून काढला.

“गोरक्षदादा, सोडा त्याला,” सार्थकसोबत प्रेसचा प्रोग्रॅम लिहिणारी निकिता म्हणाली. “ओळ मी काढली.”

पाना वरच राहिला. वाल्मीक निकिताचा दाजी. तिला ही नोकरी त्यानेच लावून दिली होती.

“तू?”

“सुट्टीआधी कोडमध्ये एकही वॉर्निंग ठेवायची नाही, असं दाजींनीच सांगून ठेवलंय. वर एक इम्पोर्ट होती, बाहेरची फाइल जोडणारी ओळ. तिच्यातलं एकही नाव आम्ही कुठे वापरत नव्हतो. कोड तपासून मशिनच्या भाषेत बदलणारा कंपायलर रोज म्हणायचा, ही ओळ बिनवापराची आहे. पण हात दिसला की थांबायचं, हा नियम तिच्यामुळेच प्रोग्रॅममध्ये यायचा. ओळ गेल्यावर कंपायलरने गुपचूप दुसरा, हात न बघणारा साधा नियम लावला. एरर आलीच नाही.”

“मंजी मशिनच खोटं बोललं?”

“अर्धवट बोललं.”

गोरक्षने पाना टाकला. “तू घरातली. तुला काय बोलू मी?”

दुपारी ती दवाखान्यात गेली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तिची बहीण भाग्यश्री बाकावर बसली होती, एकटीच. उकाड्यात तिने गळ्याची ओढणी सैल केली. खाली नवऱ्याच्या परवाच्या बोटांचे वळ अजून काळेनिळे होते.

“उजवा कापावा लागणार म्हणतात,” भाग्यश्री म्हणाली.

निकिताने तिची ओढणी नीट केली. “उजवाच जाणार होता, ताई. डाव्या हाताने कुंकू कोण लावतं?”