अळणी ताट

राघोत्तमांनी पहिला घास तोंडात घातला आणि ते चावायचे थांबले. दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीत मीठ होतं.

चिमूटभर नव्हे, चांगलं लागतं तेवढं. हृदयाचा जोर कमी झालाय, मिठानं अंगात पाणी साठेल, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून भवानीबाईंनी मिठाचा डबा आपल्या ताब्यात घेतला होता. आठ महिने नवऱ्याच्या ताटात मिठाचा कण पडू दिला नव्हता. राघोत्तम रोज तक्रार करत आणि बाई घरच्या जुन्या दक्षिणी मराठीत रोज एकच उत्तर देत, "जेवा मुकाट्यानें." आणि आज ताटाच्या कडेला चक्क मावडू, मिठाच्या पाण्यात मुरून सुरकुतलेली बाळकैरी. तीही न मागता.

"रिपोर्ट आला?" त्यांनी विचारलं.

"आला की. मुरलीनें सकाळींच आणला. आकडे उतरले म्हणे. जेवा तुम्ही."

मुरलीने रिपोर्ट आणला होता खरा, पण वर न येता त्याने तो बायकोच्या फोनवर पाठवून खालच्या खालीच श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस पकडली होती. बाप गॅलरीत उभा होता. मुलानं मान वर केली नाही.

ही रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हायची. हृदयावर ताण आला की रक्तातले दोन आकडे चढतात, आणि दोन्ही मिळून पेशंट वर्ष काढेल की नाही याचा अंदाज येतो, असं डॉक्टर मागे मुरलीला तमिळमध्ये दबक्या आवाजात सांगत होते. राघोत्तमांचं हृदय थकलं होतं, कान नव्हे.

"किती उतरले?"

भवानीबाईंनी सुनेकडे पाहिलं. कीर्ती साताऱ्याची, खोटं बोलायची वेळ आली की तिची गाडी सुसाट सुटे. "बरेच कमी झालेत अप्पा, डॉक्टर खूश आहेत, मीठ चालेल म्हणाले, आता परत तपासायचीसुद्धा गरज नाही."

"तपासायची गरज नाही?"

"नाही ना!"

राघोत्तमांनी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासले होते. चालणारा माल पुन्हा पुन्हा मोजतात. मोजायचं बंद होतं ते नापास म्हणून लाल चिठ्ठी लागलेल्या मालाचं.

पण पुराव्याशिवाय काही नापास करायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी शेजारी बायकोच्या ताटाकडे पाहिलं. कीर्तीच्या हट्टानं घरात टेबल आलं तेव्हापासून सगळे एकदमच जेवायला बसत. पथ्य सुरू झालं त्या दिवशी भवानीबाईंनी देवापुढे नेम धरला होता: यांचे आकडे उतरेपर्यंत मीही अळणीच खाईन. नेम मोडणाऱ्या त्या नव्हत्या, आणि फिटलेला नेम उगाच ओढत बसणाऱ्याही नव्हत्या. मावडू तर त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या ताटात मावडू नव्हता.

पन्नास वर्षांच्या संसारात राघोत्तम कुणाच्या उष्ट्याला शिवले नव्हते. त्यांनी हात लांब केला आणि बायकोच्या ताटातली पच्चडी बोटावर घेऊन चाटली.

"अय्यो! काय करतां हें? उष्टें तें!"

ठार अळणी होती.

कीर्ती उठली आणि भरलेला पाण्याचा जग भरायला आत गेली. भवानीबाईंचा हात भातातच राहिला.

"डाक्टर म्हणाले," त्या खाली बघून पुटपुटल्या, "आतां त्यांस आवडेल तें घाला."

राघोत्तमांना राग आला. फसवल्याचा आला, त्याहून जास्त, आपल्या माघारी आपला निकाल लावल्याचा आला. मग बायकोची मान खाली गेलेली दिसली आणि तो राग टिकेना. घरभर मीठ असताना ही बाई आठ महिने अळणी खात होती, आणि पुढेही खायला तयार होती.

त्यांनी आपलं ताट मावडूसकट तिच्यापुढे सरकवलं. तिचं उष्टं ताट आपल्याकडे ओढलं.

"मी अजून पथ्यावर आहें," ते म्हणाले. "मुरलीस सांग, तीन महिन्यांनीं परत रक्त द्यायास जाणें आहे."

त्यांनी मोठा घास घेतला, चावला आणि रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं.

"कसलें अळणी करतेस गे! तोंडांत घालवत नाही."

भवानीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"जेवा मुकाट्यानें."