पहिली फुंक

बँडमास्तरांचा कुणावर काडीचाही विश्वास नव्हता. रोज तालमीआधी प्रत्येक वाद्य ते स्वतः फुंकून बघत आणि मगच वादकाच्या हातात देत. एकामागून एक सगळे वादक तापाने आडवे झाले, तेव्हा त्यांचा संशय नव्या क्लॅरिनेटवाल्यावर गेला. "हे दुखणं यानेच आणलं. मला बघा, साधी शिंकसुद्धा नाही," म्हणत त्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं.

सगळे बरे होऊन तालमीला परतले त्या दिवशी मास्तरांची डॉक्टर बहीण रिपोर्ट घेऊन तालमीच्या खोलीतच आली. "दादा, एखाद्याचं शरीर विषाणूशी गुपचूप लढून मोकळं होतं, साधा तापही येत नाही. या सगळ्यांच्या रक्तात लढाईच्या खुणा ताज्या आहेत. जुन्या फक्त तुझ्या."



क्लॅरिनेटवाल्याने रुमाल काढला आणि मास्तरांनी नुकतीच फुंकून दिलेली क्लॅरिनेट पुसायला घेतली.