बाबांचा माती परीक्षण अहवाल

निरंजन अभनपूरला शेतकऱ्यांची माती तपासून द्यायचा. चर्चच्या ऑनलाइन वर्गात त्याला कळलं, की हिब्रूत माणूस म्हणजे आदाम आणि माती म्हणजे अदामा, आणि तेव्हापासून त्याला चैन पडेना. माणूस मातीला मिळतो हे वचन खरं असेल, तर ते लॅबमध्ये दिसायलाच हवं! मृतांच्या स्मरणदिनी चर्चची मंडळी रायपूरच्या कबरस्तानात फुलं-मेणबत्त्या घेऊन आली. हा खुरपं आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन.

"काहून रे, बाबाले खोदून राहिला?" आई ओरडली.

"बाबाले नाही वं, वरची माती घेऊन राहिलो. टेस्टले."

चौथ्या दिवशी त्याने अहवाल आईपुढे टाकला. नत्र साधारण, स्फुरद साधारण, पालाश साधारण.

"यात बाबा कुठंच नाही," तो रडकुंडीला आला. "नुसती आम्लता जास्त निघाली. चुना टाका म्हणते."

आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"हव. तेच आहेत. जन्मभर हेच तर होतं त्यायले."

संध्याकाळी तिने कबरीवर अॅसिडिटीच्या दोन गोळ्या ठेवल्या, आणि शेजारी, ते असताना रोज द्यायची तसा, कोमट पाण्याचा पेला.