सगळ्यात जाड रेघ

आमच्या संस्थेत रीतच पडलीय. प्रयोग कुणीही करो, शोधनिबंधावर संचालकांचं नाव लागतंच. आयत्या बिळावर नागोबा!

आज त्यांचा सत्कार होता. पडद्यावर मधोमध त्यांचा फोटो आणि त्यातून देशोदेशीच्या सहलेखकांकडे निघालेल्या रेघा. जितके निबंध एकत्र, तितकी रेघ जाड. सगळ्यात जाड रेघ मात्र परदेशी गेलीच नव्हती. ती याच इमारतीच्या तळघरात, माझ्या नावापाशी थांबली होती.

"संशोधन म्हणजे माणसं जोडणं!" साहेब म्हणाले. मी दातओठ खात टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी, उपचार म्हणून, अभिनंदनाला हात पुढे केला.

 

साहेबांनी त्या हातात आपला रिकामा कप ठेवला. "बाई, उद्यापासून साखर जरा कमी घाला."