गार कंप्युटर

नव्या कंप्युटरच्या पाठीवर तिने तळहात ठेवला. गार. शेजारच्यावर ठेवला. तोही गार. काम करणारं यंत्र तापतं. ही यंत्रं सकाळपासून कामाला लागली होती. निदान पडद्यावर तरी तसं लिहून येत होतं.

"थर्मामीटर आणू का?" रंगांचं काम बघणारा मागून म्हणाला.

"ताप नाहीये, हीच तर पंचाईत आहे," धाकटी म्हणाली.

स्टुडिओ दोघी जावांचा होता. फिल्म थोरली करायची, यंत्रं धाकटी सांभाळायची. या वेळची फिल्म एका म्हाताऱ्या बगळ्याची होती आणि ती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता: नदीकाठी वाऱ्यावर हलणारं गवत. त्याचं एकेक चित्र ऊन-सावलीसकट कंप्युटरकडून पुरं करून घ्यायचं होतं, आणि हे काम सगळ्या कंप्युटरांत वाटून दिलं होतं. ते उरकेना म्हणून नवे कंप्युटर आणले, तर ते आणखीच रेंगाळायला लागलं.

थोरलीच्या टेबलाभोवती नेहमीसारखी माणसं उभी होती. एकाला चोचीचा रंग विचारायचा होता. संगीतवाल्याला शेवटचा सूर कुठे तोडायचा ते हवं होतं. थोरली प्रत्येकाला नीट उत्तर देत होती. टेबलाखाली तिचा जुना कंप्युटर घरघरत होता. धाकटीने वाकून त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"शेगडी आहे का गं ती?" थोरलीने विचारलं.

"जवळजवळ."

धाकटी परत गेली आणि तिने निम्मे कंप्युटर बंद करून टाकले.

"अहो ताई, आज पाठवायचीय फिल्म!" रंगवाला ओरडला. "रुसायचं तर उद्या रुसा."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. चित्रं तयार होण्याचा वेग कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला. तिने बंद केलेले कंप्युटर पुन्हा चालू केले. वेग पडला. पुन्हा बंद केले. वाढला. आता तिची खात्री पटली.

कारण सापडलं होतं, पण ते सांगायचं कसं? कारण होतं थोरलीचा नियम.

पूर्वी एका फिल्ममध्ये मुलीचा फ्रॉक अर्धा वेळ निळा आणि अर्धा वेळ हिरवा निघाला होता. कुणीतरी जुनं चित्र वापरलं होतं. तेव्हापासून थोरलीने ठरवून टाकलं, की चित्रांची नक्कल कुणी जवळ ठेवायची नाही. सगळं सामान तिच्याच कंप्युटरवर राहील. लागेल तेव्हा तिथून घ्यायचं, काम झालं की टाकून द्यायचं. त्यामुळे दर चित्राला प्रत्येक कंप्युटर नदीकाठचं सगळं गवत त्या टेबलाखालून मागून घेत होता, आणि मागणारे वाढले तसा तो जुना कंप्युटर आणखी तुंबत होता.

दुसरा दिवस असता तर धाकटीने सरळ सांगितलं असतं. पण तिने स्वतः एक गोष्ट लिहिली होती. पुढची फिल्म त्या गोष्टीवर व्हावी आणि ती आपण करावी, असं तिच्या मनात होतं. थोरलीने ती वाचून "बघू" म्हटलं होतं, आणि त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. आज नियमाला नावं ठेवली, तर त्याचा राग गोष्टीवर निघायला नको.

ती टेबलापाशी गेली.

"ताई, कंप्युटर काम करत नाहीयेत. रांगेत उभे आहेत."

"कसल्या रांगेत?"

"तुमच्या टेबलापाशी."

थोरलीने मान वर केली. समोर चोचवाला आणि संगीतवाला अजून ताटकळत होते.

"गवताची नक्कल प्रत्येकाला एकदाच देऊन टाकू," धाकटी म्हणाली. "म्हणजे त्यांना सारखं इथे यावं लागणार नाही."

"आणि त्या फ्रॉकसारखं झालं म्हणजे?"

"गवत आता बदलणार आहात का तुम्ही?"

"नाही गं. आता काय बदलायचंय?"

"मग?"

थोरलीने पेनाला टोपण घातलं.

"दे वाटून," ती म्हणाली.

धाकटीने बंद कंप्युटर चालू केले आणि गर्दी न करता एकेकाला नक्कल दिली. मग एकामागून एक त्यांच्या आतले पंखे फिरायला लागले. रंगवाल्याने उकडतंय म्हणून खिडक्या उघडल्या. पडद्यावर चित्रं भराभर उतरू लागली. गवत वाकत होतं, सरळ होत होतं.

संगीतवाला पुन्हा पुढे आला. "मोठ्या ताई, त्या सुराचं काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"मला?" तो गोंधळला. "बगळा उडायच्या जरा आधी तोडावा."

"मग तोड."

तो लगबगीने निघून गेला. चोचवाला तर न विचारताच वळला. टेबलासमोर कुणी उरलं नाही. थोरली खुर्ची ओढत धाकटीशेजारी येऊन बसली. दोघी गवत बघत राहिल्या.

"छान हलतंय," थोरली म्हणाली.

"हं."

"तुझी ती गोष्ट."

धाकटीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"तूच कर. सगळी तुझ्या मनासारखी. आणि हे बघ, मधेमधे मला दाखवायला आणायची नाही. पुरी झाली की मी तिकीट काढून बघेन."