कार्ड बदलायची वेळ

बाबांचा सलग सहावा चेंडू हुकला आणि कार्डताईने मनातल्या मनात आकडा मोजला.

बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. डोळ्यांवर व्हीआरचा तो जाडजूड चष्मा, उजव्या हातात कंट्रोलर. त्यांना समोर टेबल टेनिसचं टेबल दिसत होतं, आणि तेच तिला बाजूच्या मॉनिटरवर दिसत होतं. चेंडू आला. बाबांच्या बॅटला लागलाच नाही. चेंडू सुखरूप मागे निघून गेला. सातवा.

बाजारात तिला सगळे कार्डताई म्हणायचे. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. खेळासाठी पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड कधी बदलायचं, हे विचारायला लोक कुठून कुठून यायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "नवीन आलं म्हणून बदलू नका. शेजाऱ्याने घेतलं म्हणून तर मुळीच नको. हात पुढे आणि चित्र मागे राहायला लागलं, की बदला." जेवतानाही फोनवर हेच चालायचं, त्यामुळे घरात सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं.

आणि तिच्याच घरात सात वर्षांचं म्हातारं कार्ड धापा टाकत होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! नवऱ्याने वाढदिवसाला नवंकोरं कार्ड आणलं होतं. चार महिने झाले, खोका उघडलेला नव्हता. तो चिडवायचा, "काय, मुहूर्त निघाला का?" ती म्हणायची, "पॉवर सप्लाय पुरायचा नाही." शेवटी तिने स्टुलावर चढून खोका कपाटावर ठेवून दिला. बाबा तिच्यापेक्षा वीतभर उंच, पण त्यांचा हात काही तिथे पोचणार नव्हता.

सगळं चाललं होतं ते बाबांसाठीच. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि उजवा हात रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, हात रोज खांद्याच्या वर गेला पाहिजे. बाबा ऐकतील तर शपथ! "हवेत हात हलवायला मी काय वाहतूक पोलीस आहे?" कारखान्याच्या संघातून पंचवीस वर्षं टेबल टेनिस खेळलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचा. तिला ते बघवत नसे.

मग एका दुपारी तिने सहज गंमत म्हणून तो चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. जुनं कार्ड दमलं की अख्खा खेळच संथ व्हायचा. चेंडू रमतगमत यायचा, आणि तिची बॅट त्याच्या आधीच फिरून जायची. बाबांचा हळू हात मात्र बरोब्बर वेळेवर पोचला. बाबा जिंकले. ती हरली, तिचा नवराही हरला. "तुम्हा पोरांना घाई फार," बाबा म्हणाले आणि त्या रात्री मागून मागून जेवले. तेव्हापासून रोज संध्याकाळी खेळ. व्यायामाचं नावही न काढता व्यायाम होत होता.

नवं कार्ड बसवलं असतं तर चेंडू सुसाट आला असता. बाबा हरले असते आणि पुन्हा खुर्ची धरली असती. म्हणून ती त्या म्हाताऱ्या कार्डाला जपत होती. दर रविवारी त्याच्या पंख्यातली धूळ काढत होती.

आणि आता जुन्या कार्डावरसुद्धा बाबा हरत होते. सोमवारपासून रोज. आठवा चेंडूही गेला. म्हणजे हात पुन्हा मागे पडला. उद्याच डॉक्टरांकडे न्यायचं, असं तिने ठरवलं. तिचे डोळे भरून आले. बाबांच्या डोळ्यांवर चष्मा होता, तेवढंच बरं.

"बाबा, बसा आता. आज पुरे."

बाबांनी चष्मा काढला. चेहरा घामाने डबडबला होता, आणि चक्क खुशीत होता.

"काय गं, गिऱ्हाइकांना तो कुठला नियम सांगतेस तू? हात पुढे नि चित्र मागे?"

"त्याचं काय?"

"अगं, सोमवारपासून माझी बॅट फिरून जाते आणि चेंडू मागाहून येतो. डुलत डुलत!"

आठही वेळा तिचं लक्ष चेंडूकडे होतं. बॅट कधी फिरली, हे तिने पाहिलंच नव्हतं. दुनियेला शहाणपण शिकवणारी ती, आणि घरचाच हात तिला ओळखता आला नाही! तिला हसूही आलं आणि रडूही.

"थांबा," डोळे पुसत ती म्हणाली. "नवीन कार्ड आहे घरात. स्टूल आणते."

"स्टूल कशाला? खोका कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आहे. सकाळीच काढून ठेवलाय."

"कपाटावरून?" ती घाबरलीच. "बाबा, कशावर चढलात तुम्ही?"

"चढतोय कशाला? हात वर केला नि काढला," बाबा म्हणाले. "उजवा."