पिल्लाच्या अंगातली देवी

एकोणीसशे एकोणचाळीस साली लग्न होऊन मी दर्यापूरला आले, ती माहेरचं कुत्र्याचं पिल्लू सोबत घेऊनच. गावात कुत्री पिसाळली होती. सासूबाई म्हणाल्या, “याले वापस धाडा.” ह्यांनी पिल्लाला अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून लस टोचून आणली. पण लस देवीचीच असते, एवढंच सासूबाईंना ठाऊक. “टोचलं काय? मंग देवी आली याच्या अंगात.” हे हसले, “अवं माय, ते पिसाळू नये म्हनून टोचलं!” “तू गप रे. देवीले कोनी उंबऱ्याबाहेर ठेवते काय?” त्यांनी देवघराजवळ कडुलिंबाचा पाला अंथरून पिल्लाला निजवलं, दहीभात भरवला आणि देवी घरात असताना चालत नाही म्हणून फोडणी बंद केली. हे सत्तर साली गेले, सासूबाई त्यांच्या कितीतरी आधी. पिल्लू म्हातारं होऊन घरातच गेलं. फोडणी आठवड्यानं सुरू झाली होती. देवीची बोळवण मात्र सासूबाईंनी कधीच केली नाही.